डब्ल्यू प्राइम उणे दाखवतोय, तरी पाय चालूच. हे कसं?

ताळगावचा चाकवाला
मंडळी, एक शंका. रविवारी आमचा ग्रुप पणजीहून निघतो. बांबोळीचा चढ, मग गोवा वेल्हा, आगशी, झुआरी ओलांडून कुठ्ठाळीचा चढ आणि वर वेर्ण्याच्या पठारावर फैसला. माझा आणि फोंड्याच्या एका दोस्ताचा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येतील तेवढे वॅट) जवळपास सारखा, वजनही सारखं. बांबोळीला मी पुढे. कुठ्ठाळीला तो असा सुटतो की हाक मारून उपयोग नाही. त्यात सायकल कॉम्प्युटरवर डब्ल्यू प्राइम बॅलन्स, म्हणजे जास्तीच्या जोराचा साठा किती उरला ते लावलंय, तो अर्ध्या चढावर उणे ३ किलोज्यूल! शून्याखाली गेल्यावर माणूस पेडल मारतो कशाच्या जोरावर?

म्हापशे_एक्स्प्रेस
लॅक्टिक ॲसिड रे. केळं खा, गप झोप.

फर्मागुडीचे सर
लॅक्टिक ॲसिडला उगाच बदनाम करू नका, लॅक्टेट हे स्नायूंचं इंधनही आहे.

चाकवाल्या, यंत्राला काही झालेलं नाही. उणे बॅलन्स शरीरात नसतो, हिशेबात असतो. क्रिटिकल पॉवरच्या (जिच्यावर गेलं की हा साठा खर्च होतो, त्या वॅटच्या) जागी एफटीपी भरला असणार. एफटीपी बहुधा थोडा कमी असतो, म्हणून कॉम्प्युटर टाकी लवकर रिकामी करतो. आणि डब्ल्यू प्राइम मोजलास की ॲपने दिलेलाच ठेवलास?

मोजायचं असं. एकदा ३ मिनिटं जीव तोडून, एकदा १२ मिनिटं. समज, ३ मिनिटांची सरासरी ३३० वॅट आली, १२ची २५५. पहिलं काम ५९,४०० ज्यूल, दुसरं १,८३,६००. फरक १,२४,२००, त्याला ५४० सेकंदांनी भाग: २३० वॅट. ही क्रिटिकल पॉवर. ३ मिनिटांत तिच्या वाट्याचे ४१,४०० वजा केलेस की उरले १८,०००. हा तुझा डब्ल्यू प्राइम, १८ किलोज्यूल. मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेट आणि ऑक्सिजनची वाट न बघता फोडलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर. (सूत्र १९६५चं, मोनो आणि शेरर यांचं, आणि ते सायकलसाठी नव्हतंच, स्नायूंच्या एका गटाच्या कामासाठी होतं.)

आता गंमत बघ. हेच १८ किलोज्यूल ३ मिनिटांत उडवलेस तर १०० वॅट जास्तीचे मिळतात. तासभर पुरवलेस तर फक्त ५. इटलीचा सायकलपटू फिलिप्पो गान्नाने २०२२मध्ये तासाभरात ५६.७९२ किमी कापले, तिथे या साठ्याला जवळपास किंमत नाही. बांबोळीच्या चढावर मात्र तोच सगळं ठरवतो. म्हणून एफटीपी सारखा असला तरी चढावरची दोन माणसं सारखी नसतात.

पण तू हरतोस तो चढावर नव्हे, गोवा वेल्ह्यात. साठा परत भरतो तो क्रिटिकल पॉवरच्या खाली गेल्यावरच, आणि जितकं खाली तितका वेगात. सुरुवातीला भराभर, पुढे रेंगाळत. तू वाऱ्यात पुढे राहून २१५ वॅट ओढत असशील, तर तुझा जेमतेम थेंब थेंब भरतो. दोस्त चाकामागे १५० वर बसलेला. त्याची कुठ्ठाळी तिथेच सुरू झालेली असते.

मडगावची_घाटवाली
सरांचं गणित पटलं, पण एक भर. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. जानेवारीच्या गार पहाटे काढलेली क्रिटिकल पॉवर मेच्या उकाड्यात धरलीत तर फसाल, घामाघूम शरीर तेवढं देत नाही. दोन-तीन तास दामटल्यानंतरही ती खाली येते. आणि भरपाईचा वेग मॉडेलमध्ये सरासरीचा धरलेला असतो. २०१२च्या स्किबा यांच्या मॉडेलपेक्षा एखाद्याचा साठा लवकर भरतो, एखाद्याचा उशिरा. आकडे बरोबर भरूनही थोडं उणे दिसू शकतं. शर्यतीत मी तो रकाना बंदच ठेवते. घरी येऊन गोल्डन चीता या सॉफ्टवेअरमध्ये बघते.

फर्मागुडीचे सर
बाई, मान्य. फक्त नवशिक्याने काही दिवस तो रकाना बघावा, उगाच कुठे खर्च होतो ते कळतं.

ताळगावचा चाकवाला
सर, १२ मिनिटं न थांबता कुठे मारू? इथे पणजीत सिग्नल, गुरं आणि पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या. आणि आधी ३ की १२?

फर्मागुडीचे सर
चोर्ला घाट, केरीकडून. आधी ३, मग किमान अर्धा तास सैल पाय फिरव, मग १२. पहाटे निघ, ट्रक सुरू व्हायच्या आत.