ऑडिट लॉग रोज फिरवायचे तर लॉगरोटेट नको

लिनक्सवरचे ऑडिट लॉग (सिस्टमवर कोणी काय केलं याच्या नोंदी) रोज फिरवायला, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करायला, लॉगरोटेट या लॉग फिरवणाऱ्या टूलमध्ये 'डेली' टाकायचा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. हे लॉग लिहिणारा प्रोग्रॅम, ऑडिटडी, स्वतःच फायली फिरवतो. लॉगरोटेटने फाइल परस्पर हलवली तरी ऑडिटडी त्याच उघड्या फाइलमध्ये लिहीत बसतो.

ऑडिटडीला फक्त आकार कळतो, वेळ नाही. मूळ सेटिंग ८ एमबीची फाइल, अशा ५. गजबजलेल्या सर्व्हरवर एवढ्यात एक दिवसही निघत नाही. म्हणून ऑडिटडी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये मॅक्स_लॉग_फाइल_ॲक्शन (फाइल भरल्यावर काय करायचं) 'इग्नोर' करा आणि नम_लॉग्ज (किती फायली ठेवायच्या) हवे तितके दिवस ठेवा, कारण रोज एकच फाइल होईल. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. नव्या आवृत्त्यांत नम_लॉग्जची मर्यादा ९९९ आहे, तेव्हा अडचण नाही. मग क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टूलमधून) रोज 'सर्व्हिस ऑडिटडी रोटेट' चालवा. आतून ऑडिटडीला फाइल फिरवायला सांगणारा यूएसआर१ सिग्नलच जातो.

ठरलेली वेळ हवी असेल तर रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकात) मिनिट आणि तासाच्या जागी शून्य शून्य, म्हणजे मध्यरात्र, लिहा. क्रॉन.डेली या रोजच्या कामांच्या फोल्डरवर विसंबू नका, रेड हॅटवर ते ॲनाक्रॉन या वेगळ्या प्रोग्रॅमकडून चालतं, तेही पहाटे तीननंतर आणि वर ४५ मिनिटांपर्यंत इकडेतिकडे. सेटिंग बदलल्यावर सिस्टमसीटीएल या कमांडने ऑडिटडी रीस्टार्ट होणार नाही, तिथे मुद्दाम मनाई आहे, 'सर्व्हिस'च वापरा.

'इग्नोर'मुळे आकाराला लगाम राहत नाही, त्यामुळे स्पेस_लेफ्टचा (डिस्कवरची जागा कमी उरल्याचा) इशारा नीट लावा आणि व्हार/लॉग/ऑडिटला वेगळं पार्टिशन द्या. जुन्या फायली जीझिप (कॉम्प्रेस) करणार असाल तर एयूसर्च हे ऑडिट लॉगमध्ये शोधायचं टूल त्या थेट वाचत नाही, आधी उलगडाव्या लागतात.