दोष रेडिओचा नाही, मोटरचा आहे

तुमच्या रिमोटवर चालणाऱ्या गाडीतलं ४३३ मेगाहर्ट्झचं रेडिओ मॉड्यूल खराब निघालं असं वाटून तुम्ही नवं मागवताय, पण जरा थांबा. मोटर काढून एलईडी लावला की सगळं व्यवस्थित चालतं आणि मोटर जोडली की गाडी झटके देते, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे हा मोटरच्या ब्रशच्या (आत वीज पोचवणाऱ्या घासत्या संपर्कांच्या) ठिणग्यांचा गोंधळ, त्या रेडिओ सिग्नल बिघडवतात. मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर थेट सोल्डर करा, बोर्डावर नको. जमल्यास प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याच्या कवचाला आणखी एकेक.

मग बॅटरी. मोटर चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे एल२९३डी चिप, स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे ६ व्होल्ट दिले तरी मोटरला जेमतेम ४ मिळतात. शिवाय मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि आलेला सिग्नल उलगडणारा डीकोडर, एचटी१२डी, गडबडतो. डीकोडर आणि रिसीव्हरला वेगळे सेल द्या, ग्राउंड मात्र एकच ठेवा. (माझा एक अख्खा रविवार ग्राउंड जोडायला विसरल्यामुळे गेला होता, म्हणून मुद्दाम सांगतोय.)

अँटेना म्हणून १७ सेंटिमीटरची सरळ तार पुरते, गुंडाळून ठेवू नका. रिमोटमधला एन्कोडर एचटी१२ई आणि गाडीतला एचटी१२डी यांच्या आठही ॲड्रेस पिना सारख्याच जोडल्यात ना, तेही बघा. सिग्नल पटला की डीकोडरची व्हीटी पिन वर जाते, तिथे रेझिस्टर लावून एक एलईडी बसवा. गाडी अडखळताना तो विझला तर रेडिओकडे बघायचं, पेटलेलाच राहिला तर ड्रायव्हरकडे.