डेंग शियाओपिंग यांच्यावर 'सात हत्याप्रयत्न': आकडा धरायचा की सोडायचा?

तांबडी_फाईल (धागाकर्ता)

माओंनंतर चीनचे सर्वोच्च नेते झालेले डेंग यांचा विषय निघाला की 'सात वेळा त्यांना मारण्याचा प्रयत्न झाला' हे वाक्य येतंच. चीनबाहेरच्या चिनी नियतकालिकांतून हा आकडा फिरत आला आणि आता इंग्रजीतून मराठीतही उतरला आहे. माझं म्हणणं, तो सोडून द्यावा.

कारण साधं आहे. १९८० साली डेंग सत्तेच्या शिखरावर असताना चौकडी (माओंची पत्नी च्यांग छिंग आणि तिचे तीन साथीदार) आणि माओंचा एकेकाळचा नियोजित वारस लिन पियाओ याचे सेनापती यांच्यावर सांस्कृतिक क्रांतीतल्या (१९६६-७६) गुन्ह्यांसाठी खटला उभा राहिला. सुनावणी २० नोव्हेंबर १९८० ला सुरू झाली, निकाल २५ जानेवारी १९८१ ला लागला. आरोपपत्रात ४८ कलमं होती आणि त्यांचे चार गट होते: नेत्यांना खोट्यात गुंतवून छळणं, कार्यकर्ते आणि जनतेचा छळ, माओंच्या हत्येचा कट, आणि शांघायमध्ये सशस्त्र बंडाची तयारी. डेंग यांचं नाव छळ आणि बदनामीच्या गटात येतं. १८ ऑक्टोबर १९७४ ला चौकडीतला वांग होंगवेन विमानाने चांगशाला गेला आणि तिथे माओंचे कान भरून आला, ही घटनासुद्धा त्यात आहे. चहाड्यांची इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्यांनी डेंग यांच्यावर चालून आलेला मारेकरी वगळला असता का? आरोपी पिंजऱ्यात उभे, न्यायासन आपलं, आणि तरी हे कलम नाही.

ज्याची तारीख, जागा, माणूस आणि अटक यांचा मेळ बसतो असा अंगावर धावून जाण्याचा एकच प्रसंग आहे: फेब्रुवारी १९७९, ह्यूस्टन.

पिवळी_नदी

सहमत नाही. तुम्ही हत्या म्हणजे बंदूक आणि सुरा एवढंच धरलंत. १९६७ ते १९७४ या काळात चिनी कम्युनिस्ट पक्षात माणूस मारायची रीत निराळी होती. औषध थांबवायचं, गावापासून तोडायचं, नाव पुसायचं.

लिऊ शाओची बघा. राष्ट्राध्यक्ष होते. अंगात मधुमेह आणि न्यूमोनिया असताना १७ ऑक्टोबर १९६९ ला त्यांना विमानाने कायफेंगला नेलं. १२ नोव्हेंबरला ते गेले आणि दहन झालं ते खोट्या नावाने, धंद्याच्या रकान्यात 'बेकार' लिहून. मार्शल ह लोंग त्याच वर्षी ९ जूनला गेले. मधुमेही माणसाला ग्लुकोज चढवलं होतं. या दोन मृत्यूंत एकही गोळी सुटली नाही, पण त्यांना नैसर्गिक म्हणायला कुणी धजावणार नाही.

लिऊंना हलवल्यावर पाचच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, डेंग यांना विमानात बसवून च्यांग्शी प्रांतात धाडलं. वय ६५. सोबत पत्नी आणि सावत्र आई. थोरला मुलगा फूफांग १९६८ च्या छळात पेकिंग विद्यापीठाच्या इमारतीवरून खाली पडला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला होता. हा सगळा क्रम एका रेषेत ठेवा आणि मग सांगा की हत्येचा प्रयत्न नव्हता.

तांबडी_फाईल

क्रम बरोबर आहे, निष्कर्ष नाही. लिऊ आणि डेंग यांच्यातला फरक तपशिलात आहे.

प्रांताच्या अधिकाऱ्यांनी डेंग यांना आधी दक्षिणेकडच्या गानचौला ठेवायचं ठरवलं होतं. पंतप्रधान चाऊ एनलाय यांनी फोनवरून ते बदलायला लावलं: म्हातारा माणूस आहे, नानचांगच्या जवळ ठेवा. मग जुन्या पायदळ शाळेतलं घर मिळालं, चालत जाण्याजोग्या अंतरावर ट्रॅक्टर दुरुस्तीचा कारखाना, आणि तिथे सकाळच्या पाळीत फिटरचं काम, जे ते तरुणपणी फ्रान्समध्ये शिकले होते. एकदा रक्तातली साखर उतरून ते कारखान्यात कोसळले, तेव्हा कामगारांनी साखरपाणी पाजून त्यांना सावरलं. ह लोंग यांच्या ग्लुकोजशेजारी हे साखरपाणी ठेवून बघा. १९७१ मध्ये फूफांगलाही त्यांच्याकडे राहायला आणू दिलं.

आणि मुख्य गोष्ट, माओंनी डेंग यांचं पक्षसदस्यत्व काढलं नाही. लिऊंना पक्षातून 'कायमचं' हाकललं होतं. सदस्यत्व राखणं म्हणजे हा माणूस पुढे लागणार आहे, असा खालच्यांना दिलेला इशारा. फेब्रुवारी १९७३ मध्ये डेंग पेकिंगला परतले, मार्चमध्ये उपपंतप्रधान झाले.

पिवळी_नदी

म्हणजे चाऊंचा फोन झाला नसता तर? वाचवणाऱ्याचा हात दिसतो म्हणून मारू पाहणारा नव्हताच, असं होत नाही.

नकाशा_१९७१

दोघांच्याही मध्ये पडतो. खरा कट कागदावर कसा दिसतो, ते आधी समोर ठेवू, म्हणजे मोजपट्टी मिळेल.

'५७१' घ्या. मार्च १९७१ मध्ये शांघायमध्ये लिन पियाओचा मुलगा लिन लिग्वो आणि त्याचे हवाई दलातले साथीदार एक आराखडा लिहितात. चिनीत ५-७-१ हे 'सशस्त्र उठाव' या शब्दांसारखं ऐकू येतं. माओंना टोपणनाव 'बी-५२'. माओंची खास रेल्वे वाटेत उडवायचा विचार. फसलं ते वेळापत्रकावर: माओंनी दौरा अचानक आवरला, ११ सप्टेंबरला शांघाय सोडलं आणि १२ ला पेकिंग गाठलं. १३ ला लिन यांचं ट्रायडंट विमान मंगोलियात कोसळलं. जानेवारी १९७२ मध्ये पक्षाने तो आराखडाच खाली वाटला.

इथे कर्ते, कागद, साधन, जागा, फसण्याचं कारण, सगळं हाताला लागतं. आराखडा वाटणाऱ्या पक्षाचा स्वार्थ होता हे मान्य, पण निदान तपासायला काही आहे. सातच्या यादीतल्या प्रसंगांत प्रत्येक वेळी गोळी हुकते, अंगरक्षक धाव घेतो आणि मारेकऱ्याचं पुढे काय झालं ते सापडत नाही. एका अफवेला सात वेळा मोजलं की सात पुरावे होत नाहीत.

धागाकर्त्यांच्या युक्तिवादात मात्र एक भोक आहे. यादीतले काही प्रसंग १९८० नंतरचे म्हणून सांगितले जातात. त्यांना १९८० चं आरोपपत्र लागूच होत नाही.

तांबडी_फाईल

मुद्दा रास्त. आरोपपत्राचा आधार १९७६ पर्यंतच्या प्रसंगांपुरता धरतो. त्यानंतरचा प्रत्येक प्रसंग सुटा तपासावा लागेल.

उत्तर_फाटक

ह्यूस्टनवर कुणी सविस्तर बोलत नाही, म्हणून लिहिते.

डेंग २८ जानेवारी १९७९ ला वॉशिंग्टनला उतरले आणि ५ फेब्रुवारीला सिअ‍ॅटलहून निघाले. धोका तीन दिशांनी होता: तैवानचे समर्थक, अमेरिकेतले कट्टर माओवादी (यांच्या लेखी डेंग गद्दार) आणि क्लूक्लक्स क्लॅन (गोऱ्यांच्या वर्चस्वाची हिंसक संघटना). पहिली चूक व्हाइट हाउसच्या हिरवळीवर झाली. २९ जानेवारीच्या स्वागत समारंभात एक पुरुष आणि एक स्त्री पत्रकारांच्या जागेतून ओरडू लागले. दोघांकडे प्रवेशपत्रं होती. ओळख तपासली गेली, हेतू तपासला गेला नाही. त्याच दिवशी बाहेरच्या निदर्शनांत ७८ जणांना अटक झाली.

ह्यूस्टनमध्ये लुई बीम हा टेक्सासमधल्या क्लॅनचा पुढारी, व्हिएतनाम युद्धातला माजी सैनिक, हॉटेलात डेंग यांच्या दिशेने झेपावला. सुरक्षा दलाने त्याला वाटेतच आडवं केलं. सर्वांना खुला असलेला हॉटेलचा दर्शनी भाग आणि पाहुण्याची ये-जा ठरलेली, हीच कुठल्याही संरक्षणाची कच्ची जागा. गोळी सुटली नाही, डेंग यांना खरचटलंही नाही. त्याच मुक्कामात त्यांनी सिमंटनच्या रोडिओत काउबॉय टोपी घातली.

याला 'हल्ल्याचा प्रयत्न' म्हणावं. 'हत्येचा' म्हणायला मारण्याचं साधन दाखवावं लागतं. पण बीमला किरकोळ समजू नका. पुढच्या काही वर्षांतच टेक्सासच्या किनाऱ्यावर व्हिएतनामी मच्छीमारांना धमकावण्याच्या प्रकरणात न्यायालयाला त्याची खाजगी लष्करी टोळी बंद करावी लागली.

पिवळी_नदी

१९७६ राहिलं. एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा पदच्युत झाल्यावर डेंग दक्षिणेतल्या कँटनला सेनापती श्यू शियोउ यांच्या आश्रयाला पळाले, असं सांगतात. जिवाची भीती नसती तर पळाले कशाला?

नकाशा_१९७१

पळालेच नाहीत. माओंच्या सुरक्षेचे प्रमुख वांग डोंगशिंग यांनी त्यांना पेकिंगमध्येच तुंगच्याओमिन गल्लीतल्या घरात हलवलं. जुलैत ते आपल्या घरी परतले आणि २८ जुलैच्या थांगशान भूकंपानंतर अंगणातल्या तंबूत झोपत होते. कँटनची गोष्ट इथे पडते, आणि तिच्यावर उभे केलेले प्रसंगही.

तरी तुमचा मूळ प्रश्न त्याने संपत नाही. वांग यांनी त्या जागेचा पत्ता आधी चौकडीला कळू दिला नाही. कशापासून लपवत होते?

तांबडी_फाईल

जमावापासून. ज्यांनी लिऊंना त्यांच्या घरातून ओढून सभेत उभं केलं, तशा जमावापासून. तो धोका खरा होता आणि तो मी नाकारत नाही. फक्त त्याला 'हत्याप्रयत्न क्रमांक अमुक' म्हणू नका.

पिवळी_नदी

क्रमांक सोडते. लिऊ आणि ह लोंग यांच्या रांगेतून डेंग यांचं नाव मात्र काढणार नाही.