'येअर' म्हणजे वेगवान नव्हे
'येअर' (yare) या जहाजांबद्दल वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दाचा अर्थ कुणी 'वेगवान जहाज' असा दिलाय, तो मला पटत नाही. वेग शिडांचा आणि वाऱ्याचा. 'येअर' हा गुण सुकाणूचा. जुन्या इंग्रजीत मूळ अर्थ सज्ज, त्यावरून चटपट, आणि मग सुकाणू जरा हलवलं की लगेच वळणारं जहाज. शेक्सपिअरच्या 'अँटनी अँड क्लिओपात्रा'त ॲक्टियमच्या आरमारी लढाईआधी (इ.स.पू. 31) एनोबार्बस हा सरदार आपल्या सेनानीला, अँटनीला, बजावतो की शत्रूची, म्हणजे ऑक्टेव्हियस सीझरची जहाजं 'येअर' आहेत, तुमची जड. तिथे नुसतं 'वेगवान' घातलं तर त्याचा इशाराच अर्धा हरवतो. मराठीत मी 'हुकमी' म्हणेन. 'चपळ' जवळचा आहे खरा, पण त्यात सुकाणू धरणाऱ्याचा हात दिसत नाही.