नववीला मिश्र वाक्य कसं शिकवायचं?

कुर्ल्याला मराठी शिकवते. व्याख्या (एक मुख्य वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेलं गौण वाक्य) पोरांना पाठ आहे पण निबंधात "जेव्हा खूप पाऊस पडला." एवढंच लिहून पूर्णविराम, तेव्हा काय झालं ते गायबच! काय करू?

घाटकोपरकर: मॅडम व्याख्या राहू द्या. दोन वाक्यं द्या, "लोकल बंद होत्या. आम्ही शाळेत पोचलो." मग जरी-तरी लावायला सांगा, नंतर जेव्हा-तेव्हा, अर्थ कसा पालटतो ते पोरंच सांगतात. आणि जोडीतला दुसरा शब्द लाल पेनाने गोल करायला लावाच.

ठाणे_सर: +१. फक्त "लोकल बंद होत्या म्हणून चालत आलो" हे मिश्र नाही हां, संयुक्त आहे (दोन्ही वाक्यं बरोबरीची), इथलं "म्हणून" परिणाम दाखवतं. "पास व्हावं म्हणून अभ्यास केला" हे मिश्र, इथे उद्देश आहे. परीक्षेत इथेच मार्क जातात.