गिझर २००० वॅटचा, हिशेबात निघतात १४००. एलिमेंट गेलं का?

कुळागरवाला, सावईवेरे
नमस्कार मंडळी. न्हाणीत १५ लिटरचा गिझर आहे, पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट. पूर्वी बारा मिनिटांत पाणी तापायचं, या पावसात सतरा-अठरा लागतात. आई म्हणते, यापेक्षा पाणी तापवायच्या भाणाखाली चूल पेटवलेली बरी. काल संध्याकाळी गिझर चालू ठेवून सॉकेटवर व्होल्टेज पाहिलं, १९२. डीबीत (घरातल्या फ्यूज-स्विचच्या पेटीत) फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावला, ७.३ अँपियर. गुणाकार १४०० वॅट. बाकीचे ६०० कुठे गेले? मेकॅनिक एलिमेंट बदला म्हणतोय. आणि वेळ जास्त लागतो म्हणून बिलही वाढत असेल का?

जुना वायरमन, म्हापसा
मेकॅनिकला थांबवा. एलिमेंट ठणठणीत आहे आणि तसा पुरावा तुमच्याच आकड्यांत आहे. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा मिळतो: १९२ भागिले ७.३, म्हणजे २६.३ ओहम. आता पाटीवरून काढा: २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५. दोन्ही जवळजवळ एकच. एलिमेंट जळून तुटलं असतं तर करंटच आला नसता. एलिमेंटमधल्या नायक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून हा हिशेब गिझरला नि इस्त्रीला बिनधास्त लावावा. जुन्या पिवळ्या बल्बला तो लागू पडत नाही. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहम असतो, पण थंड असताना मीटरवर मोजाल तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास दिसेल.

रोध तोच राहिला आणि व्होल्टेज उतरलं की करंटही तेवढाच उतरतो, म्हणून पॉवरला दुहेरी फटका बसतो. १९२ म्हणजे २३० चे साडेत्र्याऐंशी टक्के. त्याचेही पुन्हा साडेत्र्याऐंशी टक्के घेतले की सत्तर. २००० चे सत्तर टक्के १४००. तुमचे ६०० वॅट कुणी खाल्ले नाहीत, ते गिझरने ओढलेच नाहीत.

बिलाचं म्हणाल तर १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ५० वर न्यायला साधारण ०.४ युनिट लागतात. २००० वॅटने ते बारा मिनिटांत होतं, १४०० ने सतरा मिनिटांत. युनिट तेवढेच.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. गिझर बंद असताना त्याच सॉकेटवर किती व्होल्ट दिसतात?

कुळागरवाला, सावईवेरे
आता बघून आलो. बंद असताना २१४, चालू केला की १९२.

जुना वायरमन, म्हापसा
तेच वाटलं होतं. गिझर लावल्याबरोबर २२ व्होल्ट उतरतात. २२ भागिले ७.३, म्हणजे वाटेत कुठेतरी ३ ओहम बसलेत. आणि २२ गुणिले ७.३, म्हणजे १६० वॅटची उष्णता त्या वाटेतच तयार होतेय. घरातल्या वायरिंगवर हे ढकलता येत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरमागे १२ ओहम धरा. डीबीपासून न्हाणीपर्यंत जाऊन-येऊन ४० मीटर वायर असली तरी अर्धाच ओहम होतो. उरलेला रोध बहुधा एखाद्या जॉइंटमध्ये आहे, आणि १६० वॅट एवढ्याशा जागी साठले तर इन्सुलेशन वितळतं. आज दुर्लक्ष करू नका.

आधी प्लग-सॉकेटला हात लावून बघा, प्लास्टिक गरम किंवा पिवळं पडलंय का. मग मीटरपाशी मोजा, गिझर बंद आणि चालू. शिवाय गिझर चालू असताना न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) आणि अर्थिंग यांच्यामधलं व्होल्टेज घ्या. अर्थिंग घराचं वेगळं आणि चांगलं असेल तर हा आकडा दोषी तार दाखवतो. तो १५-२० व्होल्टवर गेला तर न्यूट्रलचा जॉइंट, शून्याच्या आसपास राहिला तर फेजचा.

डिचोलीकर
मध्येच विचारतो. बागायतीतल्या पंपाचा रोध असाच काढता येईल का?

जुना वायरमन, म्हापसा
नाही. मोटरीत व्होल्टेज भागिले करंट केलं तर तारेचा रोध मिळत नाही, गुंडाळीच्या चुंबकत्वाचा अडथळा त्यात मिसळलेला असतो. पॉवर काढतानाही व्होल्ट आणि अँपियर यांच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने (त्यातला किती हिस्सा खरी पॉवर आहे ते सांगणारा, एकाहून लहान आकडा) गुणायचं. भार तोच असताना व्होल्टेज उतरलं तर मोटर बहुतेक वेळा जास्त करंट ओढते आणि गुंडाळी तापते. म्हणून २०० च्या खाली पंप चालवू देऊ नका.

कुळागरवाला, सावईवेरे
काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. मीटरपाशी बंद असताना २१४, चालू असताना १९५. म्हणजे १९ व्होल्ट मीटरच्या आधीच जात होते. न्यूट्रल-अर्थिंगमध्ये १८. आमची सर्व्हिस वायर (खांबावरून घरापर्यंतची) कुळागरातून माडांमधून येते, म्हणून खांबावर कुणालाच चढू न देता लाइनमनला बोलावलं. न्यूट्रलचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉइंट पावसाने गंजून काळा पडला होता, बोटाने हलवला तर हलत होता. त्याने तार घासून नवा कनेक्टर दाबून बसवला.

आज त्याच वेळी मोजलं. गिझर चालू असताना सॉकेटवर २०९ व्होल्ट, ७.९ अँपियर, म्हणजे १६५० वॅट. रोध परत २६.५. पाणी पंधरा मिनिटांच्या आत तापलं. मेकॅनिकला फोन करून नको म्हणून सांगितलं.

जुना वायरमन, म्हापसा
छान. न्यूट्रल-अर्थिंग आता पुन्हा एकदा मोजून इथे लिहा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अजून एक जॉइंट शोधायचा राहिलाय.