मधुमेहातील मूत्रपिंडविकार: तंतुकणिकांसाठी पूरक गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न (मुलुंड)

आईला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा टाकाऊ घटक) सामान्य असूनही लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळते याचे माप) 120, म्हणजे वाढलेले, आल्यामुळे डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहावरील औषध सुरू केले आहे. एका परिचितांनी 'मूळ बिघाड मायटोकॉन्ड्रियात (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांत) आहे' असे सांगून कोएन्झाइम क्यू-10 च्या महागड्या गोळ्या सुचवल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य किती आहे?

उत्तर (दादर, शरीरक्रियाशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका)

म्हणण्याचा पहिला भाग खरा आहे. मूत्रपिंडांत रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सगळा नलिकांच्या पेशी परत शोषून घेतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा त्या पेशींत दाटीने असलेल्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, मुख्यतः मेदाम्ले जाळून पुरवतात. मधुमेहात गाळलेली जास्तीची साखर परत घेताना सोडियमही आत येते आणि ते पेशीबाहेर काढणाऱ्या पंपाला अधिक एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे रसायन) व प्राणवायू लागतो. हा ताण वर्षानुवर्षे राहिला की तंतुकणिकांचे तुकडे होतात, निकामी झालेल्यांचा निचरा मंदावतो आणि न जळलेला मेद पेशीतच साठू लागतो.

क्यू-10 हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे घातक ऑक्सिजन-रेणूंना निष्प्रभ करणारे द्रव्य, म्हणून ते घ्यावे, हा गोळ्यांचा तर्क मात्र इतका सरळ नाही. मधुमेहाचे संशोधक मायकेल ब्राउनली यांनी 2001 मध्ये, मधुमेहात तंतुकणिकांतून सुपरऑक्साइड हा असाच घातक रेणू अतिरिक्त तयार होतो, अशी उपपत्ती मांडली होती. परंतु 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासात मधुमेही मूत्रपिंडात सुपरऑक्साइड उलट कमी आढळले आणि तंतुकणिकांचे कार्यच मंदावलेले दिसले. पेशींचे अँटिऑक्सिडंट संरक्षण वाढवणाऱ्या बार्डोक्सोलोन या औषधाची मोठी चाचणीही हृदयविकाराच्या घटना वाढल्याने 2012 मध्ये थांबवावी लागली. क्यू-10 मुळे हा विकार रोखला जातो, असे सिद्ध झालेले नाही.

उत्तर (ठाणे, मधुमेहतज्ज्ञ)

डॉक्टरांनी दिलेले औषध साखरेचे हे पुनर्शोषणच रोखते, त्यामुळे नलिकांवरील भार उतरतो. 2020 च्या मोठ्या चाचणीत त्याने मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावल्याचे दिसले. सुरुवातीला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) किंचित घटला तरी घाबरून औषध बंद करू नये. तापात किंवा मूत्रसंसर्गातही अल्ब्युमिन वाढते, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तपासणी पुन्हा करून निदान पक्के करावे. आई कडक उपवास करीत असतील, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, कारण या औषधावर असताना दीर्घ उपवासात साखर फारशी न वाढताही किटोआम्लता (रक्तात किटोन आम्ले धोकादायक प्रमाणात साठणे) होऊ शकते.

प्रश्नकर्ती

आई नवरात्रात नऊ दिवस उपवास करते आणि हे डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. उद्याच फोन करते. गोळ्या घेणार नाही.